मणिपुरात कोरियन मालिका कशा रुजल्या? सीमेवरचे समाज, परदेशी पडदा आणि परंपरा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ईशान्येतली मुलं पुण्यात शिकायला येतात तेव्हा त्यांना ठरलेले दोन-तीन प्रश्न विचारले जातात. 'तुम्ही हिंदी सिनेमे बघत नाही म्हणे?' 'तुमच्याकडे सगळे कोरियन मालिकाच बघतात ना?' तिसरा प्रश्न बहुधा ती मुलं निघून गेल्यावर येतो: 'या सगळ्यात त्यांची स्वतःची संस्कृती उरली तरी आहे का?' खाली मुख्यतः मणिपूर आणि थोडं मिझोराम धरून उत्तरं दिली आहेत.

सीमेवरचे लोक म्हणजे नेमके कोण?

भारत आणि म्यानमार यांच्यातली सीमा १,६४३ किलोमीटरची आहे. तिच्यापैकी ३९८ किलोमीटर मणिपूरला लागून आहे, ५१० मिझोरामला. बाकीची अरुणाचल आणि नागालँडला. नकाशावर ही रेघ ठळक दिसते. जमिनीवर मात्र ती शेतातून, जंगलातून, कधी कधी घरातूनही जाते. नागालँडमधल्या लोंगवा गावात गावप्रमुखाचं घरच दोन देशांत आहे. मिझो लोकांच्या जुन्या समजुतीप्रमाणे मेलेल्या माणसाचा आत्मा ज्या रिह तळ्यावरून पुढे जातो, ते तळं आज म्यानमारमध्ये आहे. म्हणजे परलोकाची वाटसुद्धा परदेशातून जाते!

मणिपूरच्या राजांची कबाव खोरं ही जुनी दाव्याची जमीन. इंग्रजांनी १८३४ मध्ये ती ब्रह्मदेशाला देऊन टाकली आणि मोबदला म्हणून राजाला महिन्याला ५०० सिक्का रुपये बांधून दिले. या सगळ्यामुळे इथल्या माणसाच्या मनातलं 'परदेश' पासपोर्टवरच्या परदेशाशी तंतोतंत जुळत नाही. पुढचं सगळं समजून घ्यायचं तर एवढं लक्षात ठेवावं लागेल.

आणखी एक. मणिपूर म्हणजे फक्त मैतेई नव्हेत. इंफाळच्या खोऱ्यात मैतेई आणि मैतेई पांगल (मुसलमान), डोंगरांवर नागा आणि कुकी-झो जमाती. खाली जिथे 'मणिपुरी' म्हटलं आहे तिथे बऱ्याचदा खोऱ्यातला मैतेई समाज अभिप्रेत आहे, आणि हे आमच्यासारख्या बाहेरून लिहिणाऱ्यांचं नेहमीचं दुखणं आहे.

हिंदी सिनेमावर खरंच बंदी होती का? सरकारने घातली होती?

बंदी होती, पण सरकारची नव्हे. सप्टेंबर २००० मध्ये रेव्होल्यूशनरी पीपल्स फ्रंट या भूमिगत संघटनेने हिंदी चित्रपट आणि हिंदी गाणी बंद करण्याचं फर्मान काढलं. मणिपुरातल्याच पीपल्स लिबरेशन आर्मी या सशस्त्र गटाची ही राजकीय शाखा. हिंदी सिनेमामुळे मैतेई भाषा आणि चालीरीती बिघडतात, दिल्ली आपली संस्कृती आमच्यावर लादते, असं त्यांचं म्हणणं. हजारो कॅसेटी जाळल्या गेल्या. थिएटरवाल्यांनी पोस्टरं उतरवली आणि केबलवाल्यांनी हिंदी मनोरंजन वाहिन्या काढून टाकल्या. फर्मानाला कायद्याचा आधार शून्य. पण ते काढणाऱ्याच्या हातात बंदूक असली की कायद्याची कलमं कोण विचारतं?

याचा दरारा किती होता ते मेरी कोमवरून कळेल. मणिपूरच्या या मुष्टियोद्धीवर २०१४ मध्ये हिंदी चित्रपट आला. देशभर तो लागला, तिच्या स्वतःच्या राज्यात लागला नाही.

सगळ्यांनी हिंदी बघणं सोडलं?

छे. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. घराच्या आत, आवाज कमी करून लोक बघत राहिले. पुढे छतावर डिश आली, मग मोबाइल आला. पण चौकातलं, लग्नाच्या मांडवातलं, दुकानातल्या टीव्हीवरचं हिंदी गेलं. एखादी संस्कृती समाजात दिसते ती अशाच ठिकाणी. तिथली जागा रिकामी झाली.

मग ती जागा कोरियाने कशी घेतली?

याचं पहिलं उत्तर फार रुक्ष आहे: फुकट होतं म्हणून. दक्षिण कोरियाची 'अरिरांग' ही परदेशी प्रेक्षकांसाठीची वाहिनी उपग्रहावरून मोफत मिळत होती, खाली इंग्रजी सबटायटल असायची. हिंदी वाहिन्या काढल्यावर केबलवाल्याच्या यादीत भोकं पडली होती, ती त्याला भरायचीच होती. नंतर केबीएस वर्ल्ड ही दुसरी कोरियन वाहिनी आली.

दुसरं उत्तर मोरेहच्या रस्त्यावर सापडतं. इंफाळहून सुमारे ११० किलोमीटरवर मोरेह, आणि फाटकापलीकडे म्यानमारमधलं तामू. १९९४ च्या करारानंतर १९९५ पासून इथला सीमाव्यापार अधिकृत झाला. अनधिकृत तर त्याच्याआधीपासून चालूच होता. ब्लँकेटं, थर्मास, चपला आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू यांच्याबरोबर सीडी आणि डीव्हीडी यायला लागल्या. चोरून छापलेल्या, एका तबकडीत अख्खी मालिका बसवलेल्या, मातीमोल भावाच्या. इंफाळच्या पाओना बाजारात त्यांचे ढीग लागायचे. माल बऱ्याचदा चीनमधून यायचा, वाट म्यानमारची, गोष्ट कोरियाची आणि प्रेक्षक भारतातला. 'परदेशी प्रभाव' हा शब्द आपण एकवचनात वापरतो. इथे त्यात चार देश गुंतलेले आहेत.

(मोरेहचा विषय निघालाच आहे म्हणून: या गावात तमिळ वस्ती आहे, अंगाळपरमेश्वरीचं देऊळ आहे. १९६० च्या दशकात ब्रह्मदेशातून बाहेर पडावं लागलेल्या तमिळ कुटुंबांपैकी काही इथे स्थिरावली. सीमेवरचं गाव एकाच रंगाचं असतं असं ज्यांना वाटतं त्यांनी मोरेहच्या बाजारात तासभर उभं राहावं.)

लोकांना या मालिकांत आवडलं काय? चेहरे सारखे दिसतात म्हणून?

चेहऱ्याचा भाग आहेच, तो नाकारण्यात अर्थ नाही. हिंदी पडद्यावर ईशान्येतला चेहरा जवळजवळ नसायचा. असलाच तर विनोदापुरता किंवा खलनायकाचा हस्तक म्हणून. दिल्ली-मुंबईत ज्या चेहऱ्यामुळे रस्त्यात टोमणे ऐकावे लागतात, तसाच चेहरा कोरियन मालिकेत नायक असतो, डॉक्टर असतो, प्रेमात पडतो. याचा परिणाम न झाला तरच नवल.

पण निव्वळ चेहऱ्याने माणूस वीस-वीस भाग बघत बसत नाही. मालिकांतली घरं ओळखीची होती. वडीलधाऱ्यांपुढे वाकणं, दाराशी चपला काढणं, जमिनीवर बसून एकत्र जेवणं, आईचा धाक. ताटातला भात. मैतेई स्वयंपाकात आंबवलेल्या सोयाबीनचा 'हवाइजार' आहे, आंबवलेल्या मासळीचा 'ङारी' आहे, आणि त्या ङारीशिवाय 'एरोम्बा' हे भाज्यांचं भरीत होत नाही. आंबवलेल्या पदार्थांचा वास ही उत्तर भारतात भाड्याने खोली घेताना भांडणाची बाब ठरते. कोरियन मालिकेत मात्र आजी बरणीतून किमची काढते आणि सगळे मिटक्या मारत खातात. हे बघणाऱ्याला काय वाटलं असेल?

शिवाय या मालिका कुटुंबाबरोबर बसून बघण्यासारख्या होत्या. हिंदी सिनेमातल्या अंगप्रदर्शनावर बंदीवाल्यांचा जो आक्षेप होता, तो इथे लावायला फारशी जागा नव्हती.

पेहराव आणि बोली यांत काय बदललं?

केस आधी बदलले. इंफाळ आणि मिझोरामची राजधानी ऐझॉल इथल्या सलूनमध्ये कोरियन नटांच्या फोटोंवर बोट ठेवून कट मागायची पद्धत पडली. मग घट्ट पँटी, लांब कोट, सौंदर्यप्रसाधनं. 'कोरियन' म्हणून विकले जाणारे कितीतरी कपडे चीनमध्ये किंवा थायलंडमध्ये शिवलेले असायचे, पण ग्राहक कापड घेत नव्हता, नाव घेत होता.

बोलण्यात 'अन्न्योंग' (नमस्कार), 'सारांगहे' (माझं प्रेम आहे), 'ओप्पा' (मुलीने थोरल्या भावाला मारायची हाक) आले. मैतेईत थोरल्या भावाला 'तामो' म्हणतात. तरुण मुली चेष्टेत किंवा लाडात 'ओप्पा' म्हणू लागल्या. मात्र घरात थोरल्याला हाक मारायची वेळ आली की तामोच. माझ्या मते उसना शब्द आणि घरचा शब्द यांचं काम वाटून घेतलेलं असतं. आपण 'थँक्यू' दुकानदाराला म्हणतो, आजीला म्हटलं तर ती विचारते, 'काय झालं रे तुला?'

तर मग परंपरा बुडाली की नाही? सरळ सांगा.

सरळ सांगता येईल असं उत्तर नाही, कारण आधी 'परंपरा' म्हणजे काय ते ठरवावं लागतं आणि मणिपुरात तेच अवघड आहे.

मणिपूर म्हटलं की आपल्याला रासलीला आठवते: गोल ताठ घागरा, चेहऱ्यावर झिरझिरीत ओढणी. ही रासलीला राजा भाग्यचंद्राच्या काळात, १७७९ मध्ये पहिल्यांदा झाली असं मानतात. पेहराव राजाला स्वप्नात दिसला अशी आख्यायिका आहे. पण ज्या वैष्णव पंथातून ती आली तो बंगालच्या बाजूने आलेला. अठराव्या शतकात राजा गरीबनवाज याने शांतिदास गोसाईंच्या प्रभावाखाली तो राजधर्म केला तेव्हा 'पुया' म्हणजे मैतेईंच्या जुन्या पोथ्या जाळल्या गेल्या. त्या जाळपोळीची आठवण आजही दरवर्षी काढली जाते. पुढे मैतेई भाषा बंगाली लिपीत लिहिली जाऊ लागली. याच वैष्णव धारेतलं मणिपुरी संकीर्तन २०१३ मध्ये युनेस्कोच्या वारसायादीत गेलं.

म्हणजे काल ज्याच्यासाठी पोथ्या जळल्या, तो आज वारसा आहे. आणि २००० साली ज्या कॅसेटी जळल्या त्या वारसा वाचवण्यासाठी! काय जाळायचं आणि काय जपायचं, हे ज्याच्या हाती सत्ता त्याने ठरवलेलं दिसतं. कोरियन मालिकेला यात दोष देणं म्हणजे शेवटी आलेल्या पाहुण्यावर सगळं खापर फोडणं.

आता जमिनीवर काय दिसतं ते बघू. चैराओबाला, म्हणजे मैतेई नववर्षाला, लोक अजूनही घरी रांधून देवाला दाखवतात आणि दुपारनंतर टेकडी चढतात. लाई हराओबा या देवतांच्या उत्सवात माइबी, म्हणजे देवीचं वारं घेणाऱ्या स्त्रिया, नाचतात. याओशांगच्या, म्हणजे होळीच्या सुमाराच्या सणाच्या, चांदण्या रात्रींत थाबल चोंग्बा हा हातात हात धरून रिंगणात करायचा नाच होतो. ढोलाच्या जोडीला आता विजेची वाद्यं आणि दिवे आलेत, त्यावर जुनी माणसं कुरकुरतात, आणि त्यांची कुरकुर मला पटते. लग्नात नवरी 'पोतलोई'तच, म्हणजे रासलीलेसारख्या गोल ताठ घागऱ्यातच, असते. रोज जीन्स घालणारी मुलगीही देवळात आणि श्राद्धाला जाताना फनेक (कमरेला गुंडाळायचं वस्त्र) आणि इनाफी (ओढणी) नेसते.

ज्या वर्षांत मुलं कोरियन मालिका बघत होती त्याच वर्षांत, २००६ पासून, शाळांमध्ये मैतेई मयेक ही जुनी लिपी शिकवायला सुरुवात झाली. आज इंफाळात अशी घरं आहेत जिथे नातू ती लिपी वाचतो आणि आजोबांना ती येत नाही. परंपरा थोरल्याकडून धाकट्याकडे जाते, हा आपला समज इथे उलटा झाला आहे.

झीज कुठे होते? रोजच्या गोष्टींत. सणाला फनेक नेसली जाते, पण घरच्या मागावर आई विणायची ते विणणं मुलगी शिकेलच असं नाही. 'पेना' या एकतारी वाद्यावर जुन्या कथा गाणारे कमी झाले. पण याचा हिशेब कोरियावर मांडता येत नाही. नोकरी, शाळा, शहरात जाणं आणि कित्येक वर्षांची अशांतता हेही त्यात आहे.

बाहेरचं आलं की स्थानिक कलावंत मागे पडतात. इथे तसं झालं का?

इथे उलट झालं, आणि या सगळ्या कहाणीतला मला सगळ्यात आवडणारा भाग हाच आहे.

पहिला मणिपुरी चित्रपट १९७२ मध्ये आला. अरिबम श्याम शर्मांचा 'इमागी निंगथेम' १९८२ मध्ये फ्रान्सच्या नांत महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार घेऊन आला, त्यांचा 'इशानौ' १९९१ मध्ये फ्रान्सच्याच कान महोत्सवात गेला. नाव मोठं, पण संख्या तुटपुंजी. सेल्युलॉइडचा खर्च एवढ्याशा भाषेला झेपत नव्हता. त्यात हिंदीवर बंदी आली आणि थिएटरं ओस पडली. काही बंद पडून तिथे दुकानं किंवा शाळा आल्या.

उरलेल्यांना पडद्यावर काहीतरी दाखवायचं होतं. २००२ मध्ये 'लाम्मै' हा साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर काढलेला चित्रपट थिएटरात लागला आणि लोकांनी गर्दी केली. देशातला बाकीचा सिनेमा रिळांवर चालत होता तेव्हा मणिपूर डिजिटलवर गेलं, तेही गरजेपोटी. वर्षाला एखाद-दुसऱ्या चित्रपटावरून गाडी डझनावारी चित्रपटांवर गेली. दर्जा? बरेच सामान्य होते. कित्येकांत कोरियन मालिकांची कथानकं, आजारी नायिका, पावसातला निरोप हे सगळं जसंच्या तसं उचललेलं असायचं. पण भाषा मैतेई, गल्ल्या इंफाळच्या.

'शुमांग लीला'चंही तसंच. शुमांग म्हणजे अंगण. चारी बाजूंना प्रेक्षक, मधल्या छोट्या चौकोनात नाटक, नेपथ्य जवळजवळ नाहीच. आपल्याकडच्या तमाशाची आठवण यावी असा प्रकार, फक्त बायकांची कामं करणारे पुरुष, 'नुपी शाबी', हे तिथले खरे तारे. न्यूयॉर्कचे जुळे मनोरे कोसळले तो विषयसुद्धा या अंगणात आला आणि तुफान चालला. नुपी शाबींच्या मेकअपमध्ये आणि केसांत पुढे कोरियन छाप दिसू लागली. अंगण तेच, वेणी बदलली.

'इशानौ'ची प्रत जीर्ण झाली होती. तिचं जतन मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने मणिपूरच्या संस्थेबरोबर केलं आणि २०२३ मध्ये ती पुन्हा कानला दाखवली गेली. ज्या मुंबईच्या सिनेमावर तिथे बंदी, त्याच मुंबईतल्या संस्थेने त्यांचा सिनेमा वाचवला. असू दे.

मिझोरामची गोष्ट वेगळी का सांगतात?

कारण तिथे बंदी नव्हती आणि सबटायटलही चाललं नाही. ऐझॉलच्या स्थानिक केबल कंपन्यांनी कोरियन मालिका मिझो भाषेत डब केल्या. हिंदी मालिकाही केल्या. एखाद्या छोट्या स्टुडिओत चार-पाच जण बसून सगळी पात्रं बोलायची. परिणाम असा की सोलमधली सासू शुद्ध मिझोत सुनेला टोमणे मारू लागली.

आम्ही या दोन राज्यांकडे बघून एक अंदाज बांधला आहे, तो अंदाज म्हणूनच घ्यावा: परदेशी मजकूर परक्या भाषेत आला तर तो आपल्या भाषेची जागा खातो, तोच आपल्या भाषेत बोलवून घेतला तर भाषेला काम मिळतं. नवे शब्द पाडावे लागतात, आवाज लागतात, अनुवादक लागतात. मराठीत डबिंगला बराच काळ विरोध होता हे आठवून पाहा.

वडीलधारे आणि चर्च काय म्हणतात?

जे जगभरचे वडीलधारे म्हणतात तेच. मुलं पडद्यापुढून उठत नाहीत, अभ्यास नाही, कपड्यांचं वेड. मिझोराम, नागालँड आणि मणिपूरचे डोंगर ख्रिस्ती आहेत. तिथल्या चर्चचा रोख दारू आणि नशा यांच्यावर जास्त असतो, मालिकांवर कमी. गंमत म्हणजे दक्षिण कोरियातही चर्चचं मोठं प्रस्थ आहे, त्यामुळे पडद्यावर चर्चमधलं लग्न दिसलं तर डोंगरातल्या प्रेक्षकाला ते घरचंच वाटतं.

संस्कृतीरक्षणाच्या नावाखाली सर्वाधिक जाच मात्र बायकांना झाला. मणिपुरात सशस्त्र गटांनी त्यांच्या पेहरावावर फर्मानं काढली: फनेकच नेसा, पँट नको, सलवार नको. पुरुषांनी धोतर नेसावं असं त्याच जोराने सांगितलेलं कुणाच्या ऐकिवात नाही.

दुसऱ्या सीमांवर असं घडलंय का?

घडलंय, आणि एका प्रकरणात मुख्य पात्र मराठी आहे. १९५२ मध्ये बाळकृष्ण केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. चित्रपटसंगीत त्यांना उथळ वाटायचं, त्यांनी ते आकाशवाणीवरून जवळपास हद्दपार केलं. श्रोत्यांनी शास्त्रीय संगीताकडे वळावं अशी अपेक्षा होती. श्रोते वळले ते रेडिओ सिलोनकडे. त्याच वर्षी डिसेंबरात तिथे अमीन सायानींची बिनाका गीतमाला सुरू झाली आणि परदेशी केंद्रावरून भारतीय गाणी ऐकण्यासाठी घरोघर माणसं रेडिओला कान लावून बसू लागली. अखेर १९५७ मध्ये विविध भारती काढावी लागली. मणिपूरच्या बंदीची ही सौम्य, बिनबंदुकीची आवृत्ती.

पंजाबात लाहोरचं टीव्ही केंद्र १९६४ मध्ये सुरू झालं आणि त्याचे कार्यक्रम अमृतसरला दिसायचे. १९७३ मध्ये अमृतसरला आपलं केंद्र आलं. मग उलट वाहतूक सुरू झाली. इकडून हिंदी चित्रपट लागला की लाहोरवाले अँटेना फिरवायचे, तिकडची नाटकं इकडे आवडीने पाहिली जायची. दोन्हीकडची भाषा पंजाबी, त्यामुळे 'परदेशी प्रभाव' हा शब्द तिथे कुणाच्या तोंडी आला नसावा.

सीमेवरून बाहेर काही जातं का, की फक्त येतंच?

जातं. पोलो. मणिपुरात त्याला 'सगोल कांगजै' म्हणतात. चहामळ्यांतल्या इंग्रजांनी तो तिथल्या लोकांकडून उचलला, १८५९ मध्ये सिलचरला क्लब काढला आणि खेळ जगभर गेला. त्यावर 'मणिपुरी प्रभावाने विलायती संस्कृती धोक्यात' असं कुणी लिहिलं नाही.

आता कोरियन मालिका पुण्या-नागपुरातही बघतात. मग सीमेचं वेगळेपण काय उरलं?

मालिकांपुरतं फार नाही. इंफाळ आणि ऐझॉलने जे सीडीवर बघितलं ते उरलेल्या भारताने पंधरा-वीस वर्षांनी मोबाइलवर बघितलं, आणि मग वर्तमानपत्रांनी 'भारतात कोरियन लाट' अशी बातमी केली. ईशान्य तेव्हा कुठल्या देशात होतं, असा प्रश्न तिथल्या मित्रांनी विचारला तर हसून सोडून देऊ नका.

मणिपुरात आता हिंदी सिनेमा लागतो का?

मे २०२३ मध्ये मैतेई आणि कुकी-झो यांच्यात हिंसाचार उसळला. कित्येक महिने इंटरनेट बंद होतं. १५ ऑगस्ट २०२३ रोजी कुकी-झो बहुल चुराचांदपूर जिल्ह्यातल्या रेंगकाई इथे हमार जमातीच्या विद्यार्थी संघटनेने उघड्यावर पडदा लावून हिंदी चित्रपट दाखवला. दोन दशकांहून जास्त काळानंतरचा मणिपुरातला हा पहिला जाहीर हिंदी खेळ. त्याआधीचा १९९८ सालचा असं आयोजकांनी सांगितलं. मैतेई सशस्त्र गटांना आपण जुमानत नाही हे त्यांना दाखवायचं होतं, आणि त्यासाठी त्यांनी नेमकी तीच गोष्ट निवडली जिच्यावर त्या गटांची बंदी होती. त्या संध्याकाळी पडद्यासमोर बसलेल्यांत वीस-बावीस वर्षांची मुलं होती. आपल्या गावात हिंदी सिनेमा असा जाहीरपणे लागलेला त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.